जेमीची केस

जेमी नबोझनीची केस परत वाचली आणि डोकं सुन्न झालं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला हा गे मुलगा, शाळेत वर्षानुवर्षं मारहाण, आईवडील सारखे तक्रार करतायत आणि शाळेचं उत्तर काय तर असं उघड वागलास तर हे होणारच! मला खरंच रडू आलं. खालच्या कोर्टात हरला, मग लॅम्डा लीगल या एलजीबीटी लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे वकील अपिलात उभे राहिले आणि १९९६ मध्ये कोर्टाने सांगितलं की बाकीच्या मुलांना जसं संरक्षण देता तसंच गे मुलालाही द्यायलाच हवं, नाही दिलं तर शाळेचे अधिकारी जबाबदार धरले जाऊ शकतात. तडजोडीत ९ लाख डॉलरच्या वर मिळाले, पण मला तो निकालच मोठा वाटतो. २०२० मध्ये गॅव्हिन ग्रिम हा ट्रान्स मुलगा शाळेत मुलग्यांचं बाथरूम वापरू देण्याची केस अपिलात जिंकला, त्यातही मुद्दा समान वागणुकीचाच होता.