थोडं उन्नीस-बीस असावं

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ हे आम्ही परभणीकर पाहुण्यांना कौतुकानं ऐकवतो. त्याचा अर्थ विचारला तर दोघं मिळून तीन अर्थ सांगतील. पण व्यायामापुरती ही म्हण मला हल्ली खरी वाटायला लागलीय. 1920च्या दशकात ओटो कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या एका क्लबातल्या होडी वल्हवणाऱ्या गड्यांना वजन उचलायला लावलं. आधी एकेकट्यानं, दम संपेपर्यंत. मग दोघांत मिळून एक दांडी, वजन दुप्पट. एकानं हात टेकले की दुसऱ्याचाही खेळ खलास. तर जोडीतला कच्चा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला! त्यातही दोघं अगदी तोलामोलाचे किंवा फारच विजोड असले की एवढा फरक पडेना. थोडं उन्नीस-बीस असलं की मात्र कच्च्याला चेव यायचा.

माझे ‘बीस’ म्हणजे गल्लीतले गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वयानं माझ्याहून मोठे, पायानं हलके. पहाटे मला चालायला न्यायला येतात तेव्हा ते बेल वाजवत नाहीत, घरचे उठतील म्हणून. गेटची कडी दोनदा हलवतात आणि घसा खाकरतात. खिडकीतून ‘आज राहू द्या’ म्हणायची सोय असते, पण कानाला मफलर, कुत्र्यांसाठी काठी अशा तयारीनं उभा असलेला म्हातारा माणूस पाहिला की तोंडून शब्द फुटत नाही. मोबाईलचा अलार्म बंद केला तर तो दुपारी पानटपरीवर गाठून, चार लोकांत ‘काय ओ साहेब, सकाळी झोपलाव होय?’ असं विचारत नाही. गुरुजी विचारतात.

व्यायामाला उत्साह लागतो म्हणतात. मला तर वाटतं, भीड पुरते. भिडेपोटी माणूस उधार देतो, नको त्या लग्नाला जातो, तसाच चालायलाही जातो. भीड म्हणे भिकेची बहीण. आमच्याकडं ती तब्येतीची मावशी निघाली. आणि पहाटेच निघावं लागतं, कारण एप्रिल-मे महिन्यात आठ वाजता चालणं हा आमच्याकडं व्यायाम नव्हे, शिक्षा असते.

आम्ही कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं जातो. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम वेग ओळखायचा कसा, तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. एकट्यानं ही परीक्षा द्यायची म्हणजे स्वतःशीच बडबडायचं, आणि परभणी अजून एवढी मोठी झालेली नाही. गुरुजी असले की सोय होते. सोयाबीनच्या भावापासून ते सुरुवात करतात, जावयाकडं येईपर्यंत माझी उत्तरं ‘हो ना’वरून ‘हूं’वर आलेली असतात. मग ते न बोलता पाऊल जरा आखडतं घेतात. माझी लाज राखायची ही त्यांची पद्धत.

वाटेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं भेटतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचं असतं. एक पळतो, दुसरा मोबाईलवर वेळ लावून ‘दम काढ, दम काढ’ ओरडतो, मग अदलाबदल. दोघं एकाच जागेसाठी धडपडत असतील, तरी सकाळी एकमेकांना ढिलं पडू देत नाहीत. त्यातला एकजण मला म्हणाला, “काका, चला की आमच्यासंग.” कोहलरची आठवण ठेवून मी हात जोडले.

‘बायकोला घेऊन जात जा’ असंही सुचवलं जातं. गेलो की! पहिल्या वळणापर्यंत गॅसचा नंबर, पोराची फी, पाण्याचा टँकर एवढे विषय झाले आणि दुसऱ्या वळणावर ती पार पुढं निघून गेली. तिथं उन्नीस-बीस नाही, सरळ अकरा-बीसचं प्रकरण आहे.

गुरुजींचा एकच तोटा. रविवारी परतताना ते हॉटेलाकडं वळतात. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तो पिवळाधम्मक सुशीला, वर खमंग शेंगदाणे, कोथिंबीर. “अर्धा-अर्धा घेऊ,” म्हणतात आणि पोऱ्याला दोन बोटं दाखवतात. एकटा असतो तर सरळ घरी गेलो असतो. पण इथंही तीच मावशी आडवी येते.

“अजून एक सांगू का, साहेब?”

“सांगा,” मी म्हणतो.