फ्रेंच वाचन, पाचवा महिना: अरे-तुरे आणि अहो-जाहो

या महिन्याचा हिशेब असा: मोपासाँची 'ला पार्युर' ('दागिना') ही कथा दोनदा वाचून झाली, काम्यूच्या 'लेत्राँजे' ('परका') या कादंबरीची अकरापैकी तीन प्रकरणं झाली. रोज सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं. नियम एकच, शब्द तिसऱ्यांदा आडवा आल्याशिवाय कोश उघडायचा नाही. आठवड्यातून दोनदा तरी तो मोडते.

न मोडल्याने फजितीही होते. 'ला पार्युर'मधली मातिल्द मैत्रिणीकडे दागिना उसना मागायला जाते, तिथे काळ्या साटिनच्या डबीत तिला 'रिव्हिएर द दियामाँ' दिसते. रिव्हिएर म्हणजे नदी, हे पहिल्याच महिन्यात पाठ झालेलं. दोन दिवस मी डबीतली नदी डोक्यात घेऊन फिरत होते. म्हटलं, मोपासाँसारखा कोरडा माणूस एकदम कवी कसा झाला? तिसऱ्या दिवशी कोश उघडला. हिऱ्याला हिरा लावून गुंफलेल्या हाराला फ्रेंच लोक सरळ नदीच म्हणतात.

खरी झटापट पासे सँपलशी. हा भूतकाळ पुस्तकात राहतो, बोलण्यात नाही. क्लासमध्ये तो 'ओळख असू द्या' एवढ्यावरच आटोपला होता आणि १८८४ सालची ही कथा तर त्याच्यावरच उभी आहे. 'इल व्ही' वाचलं की मी खुशाल 'तो जगतो' असा अर्थ लावायचे. पासे सँपलमध्ये तेच 'त्याने पाहिलं' होतं! मग आठवलं, आपल्याकडेही असं आहेच की. 'मी रोज शाळेत जाई' असं कोण बोलतं? 'जायचे' म्हणतो. पण कथेत 'जाई' आलं तर अडखळतो का? नाही. काळ वेगळा, पण पुस्तकी कपडे तेच. तेव्हापासून तक्ते घोकणं बंद केलं, नुसतं वाचत राहिले. दुसऱ्या वाचनात निम्मी रूपं आपोआप ओळखू आली.

क्लासमध्ये असंही सांगितलेलं की पासे सँपल क्षणात घडणाऱ्या गोष्टींसाठी आणि एँपार्फे हा दुसरा भूतकाळ लांबणाऱ्या गोष्टींसाठी. कथेच्या सुरुवातीला हे चोख बसतं. मातिल्द श्रीमंती दिवाणखान्यांची स्वप्नं बघायची, बघायची, बघायची. तिथे एँपार्फेमधलं 'सोंजे' पुन्हापुन्हा येतं. पण पुढे हार हरवतो, तसाच दुसरा छत्तीस हजार फ्रँकला घ्यावा लागतो, कर्ज होतं, आणि ती भांडी घासते, कपडे धुते, भाजीवाल्याशी एकेका पैशासाठी भांडते. मग एक छोटंसं वाक्य येतं: 'ए सेत व्ही द्युरा दी-झाँ.' हे आयुष्य दहा वर्षं चाललं. दहा वर्षं, आणि तरी पासे सँपल! मी पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढलं. मग तेच वाक्य मराठीत म्हणून बघितलं. आपणही 'दहा वर्षं चाललं'च म्हणू, 'चालायचं' नाही. किती लांबलं याला महत्त्व नाही, ते संपलं म्हणून मोपासाँने त्याची गाठ मारून बाजूला ठेवलंय. माझ्या कोशातल्या इंग्रजीवरून हे कधी कळलं नसतं.

इंग्रजीचा वळसा सगळ्यात जास्त नडतो तो 'त्यु' आणि 'व्हू'ला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे तू आणि तुम्ही तयारच आहेत, इतकंच नाही तर त्यांची क्रियापदंसुद्धा: त्युत्वाये म्हणजे अरे-तुरे करणं, व्हूव्हाये म्हणजे अहो-जाहो करणं. सँतेक्झ्युपेरीच्या 'ल प्ती प्रँस'मध्ये छोटा राजपुत्र वाळवंटात पायलटला म्हणतो, 'सिल व्हू प्ले... देसीन-म्वा अँ मूतों.' सुरुवात तुम्हीने, शेवट तूने! 'कृपा करा... मला एक मेंढरू काढून दे.' ओळख नसलेल्या मोठ्या माणसाशी बोलताना मूल कसं घसरतं ते एका वाक्यात. तिसऱ्या महिन्यात हे मी वाचून पुढे गेले होते, काही जाणवलं नव्हतं. आता लाज वाटते.

'लेत्राँजे'च्या तिसऱ्या प्रकरणात शेजारचा रेमों बोलता बोलता मेर्सोला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या नायकाला, अरे-तुरे करू लागतो, आणि मेर्सो सांगतो की आधी ते त्याच्या लक्षातच आलं नाही. 'आता तू माझा खरा दोस्त' असं रेमों म्हणाला तेव्हा कुठे जाणवलं. मी मागे जाऊन पहिला 'त्यु' शोधून काढला. (काम्यूकडे पासे सँपलची कटकट जवळपास नाही, मेर्सो पासे कोंपोझे या बोलीतल्या भूतकाळातच सगळं सांगतो. सुरुवात इथून करायला हवी होती, पण तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.)

'ला पार्युर'मध्ये दहा वर्षांनी पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर मातिल्द त्याच मैत्रिणीला नावाने हाक मारते. मैत्रीण ओळखत नाही, 'मादाम' म्हणून 'व्हू'ने बोलते. ओळख पटते आणि लगेच 'त्यु' सुरू. पुढची दोन-चार वाक्यं इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी वाचावी.

एका ठिकाणी मात्र मराठी कानाने दगा दिला. मातिल्द नवऱ्याला बिनदिक्कत 'त्यु' म्हणते, तेही १८८४ मध्ये. माझी आजी आजोबांना शेवटपर्यंत 'अहो'च म्हणत होती. त्यामुळे पहिल्या वाचनात ती मला उगाच उर्मट वाटली, आणि अर्धी कथा होईपर्यंत मी तिच्यावर रागावलेलीच होते.

पुढच्या महिन्यात 'लेत्राँजे'चा पहिला भाग संपवायचा आहे, म्हणजे आणखी तीन प्रकरणं. मोठ्याने वाचणार आहे. 'दी-झाँ'मध्ये दोन शब्द जोडताना येणारा तो झ अजून दर वेळी विसरते.