ट्रेलरची पाठ वाकली की आधी दोरी

आज इंदूरला देवास नाक्यावर एक जुना फिफ्थ-व्हील कॅम्पर (पिकअपच्या हौद्यावर अडकवून ओढायचं चाकांवरचं घर) बघितला. दार घासतंय म्हणून बिजागऱ्या दोनदा बदललेल्या. अहो, बिजागऱ्या कशाला बदलता, खाली वाकून चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा) बघा, वाकलीय तीच!

पाण्याची टाकी, सामान रिकामं करून दोन्ही टोकांना चॅनलच्या (चॅसिसच्या लांब तुळईच्या) खालच्या अंगाला २५ मिमीचे ठोकळे लावा, त्यावरून दोरी ताणा. दर अर्ध्या मीटरवर अंतर मोजा, दोन्ही बाजूंचं. शेपूट एक्सलच्या मागे लोंबत असेल तर तडा हँगरजवळ (स्प्रिंग जिथे चॅसिसला अडकते तो ब्रॅकेट) वरच्या फ्लँजला (चॅनलच्या आडव्या पट्टीला) शोधायचा, कारण ताण तिथे असतो. किंगपिन (पुढची, गाडीला अडकणारी पिन) आणि एक्सलच्या मधे बाक असेल तर खालच्या फ्लँजला. सगळे खालूनच बघतात, म्हणून वरचा तडा सुटतो. डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) मारला की केसाएवढी चीरसुद्धा लाल दिसते.

कारण बहुतेक वेळा मागे नंतर बसवलेली टाकी. २०० लिटर म्हणजे २०० किलो, तेही टोकाला.

जॅक सावकाश चढवा, सरळपेक्षा दोन-तीन मिमी जास्त. सोडल्यावर थोडं परत येतंच. तड्याच्या टोकाला ६ मिमीचं भोक, मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच, मग ७०१८ रॉड (वेल्डिंगची कांडी), पण भट्टीत वाळवलेला. मजबुतीसाठी वर जोडायच्या पट्टीची टोकं तिरपी कापा. उभी सरळ वेल्ड मारली तर पुढचा तडा तिच्याच कडेला येतो. फ्लँजच्या काठावर आडवी वेल्ड नकोच. वेल्डिंगआधी बॅटरी काढा. आणि जपून, वेल्डच्या उष्णतेने आतलं फोम पेटतं.

टाकी एक्सलवर सरकवली नाही तर हा सगळा खर्च पाण्यात.