सोंड तडकली तिथून : आमच्या कारखान्याची वाटचाल

व्हॉट्सअपवर रोज कोणीतरी विचारतं, तुम्ही थ्रीडी प्रिंटरवर गणपती काढता म्हणे, मग मूर्ती थेट मशीनमधूनच बाहेर येते का? नाही हो. मशीनमधून येतो तो प्लास्टिकचा मास्टर, म्हणजे मूळ नमुना, त्याच्यावरून साचा, साच्यातून शाडूची मूर्ती, आणि हे बसवायला आमची चार वर्षं गेली त्यातली साडेतीन तरी मातीचं ऐकण्यात गेली. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

आमचा कारखाना पेण तालुक्यातला, आजोबांपासूनचा. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घराघरात हेच चालतं, त्यामुळे आम्ही काही वेगळे नाही. आजोबा शाडूत काम करायचे, आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेस पीओपी आलं. आप्पांना दोष देत नाही मी. पीओपी हलकं, काही मिनिटांत घट्ट होतं, पावसाळ्यात वाळत पडायची भानगड नाही, आणि शाडू येतो पार गुजरातेतून भावनगरकडून, त्याची गाडी अडकली की सीझन गेला. पण पीओपी म्हणजे भाजून पाणी काढलेला जिप्सम, त्याला पाणी दिलं की तो परत दगड होतो, मग विसर्जनात विरघळणार कसा? मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या गाइडलाइन्स आल्या, पीओपी बंद म्हणाल्या, आणि आप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मी तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तळोज्याला नोकरी करत होते. २०२१ ला सोडली आणि घरी आले, सोबत एक छोटा प्रिंटर आणि भरपूर कॉन्फिडन्स. आजोबांची एक जुनी मूर्ती माळ्यावर होती, तिचे मोबाईलवर चहूबाजूंनी दीडेकशे फोटो काढले, सॉफ्टवेअरमध्ये टाकले, मॉडेल तयार झालं, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साफ केलं, मस्त सोंड उचललेली केली, प्रिंट काढली. पीओपीचा साचा घेतला (हो, शाडूला आमच्याकडे साचा पीओपीचाच चांगला, तो मातीतलं पाणी शोषून घेतो नि मूर्ती सुटून येते, पीओपीला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं). पहिल्या वीस मूर्ती काढल्या. चौथ्या दिवशी सतरांच्या सोंडा तडकलेल्या. आणि टेप लावली तर १२ इंचाची मूर्ती सव्वाअकरा भरली!

आप्पा हसले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "अगं पीओपी सेट होताना केसभर फुगतो म्हणून साच्यातली रेघन् रेघ पकडतो, माती पाणी सोडते नि आक्रसते. बारीक भाग आधी वाळतो, जाड मागून, मधे ओढाताण होते." मग माळ्यावरची मूर्ती खाली आणून दाखवली. आजोबांची सोंड पोटाला टेकलेली, हात मांडीला टेकलेला, कान मुकुटाला चिकटलेले. मला ते जुन्या स्टाइलचं वाटायचं. ती स्टाइल नव्हती, ती माती होती. म्हणजे आपण ज्याला परंपरागत रूप म्हणतो त्यातलं निम्मं तरी वाळण्याच्या हिशोबानं ठरलेलं असणार, असं मला आता वाटतं.

तेव्हापासून मॉडेल मातीच्या बाजूनं बनवते. १२ इंची मूर्ती हवी तर मास्टर पावणेतेराचा. सोंडेचं टोक मोदकाला टेकलेलं. भिंतीची जाडी सगळीकडे जवळपास सारखी. आणि प्रिंटच्या थरांच्या रेघा घासून काढायच्याच, नाहीतर माती इमानदार, त्या रेघाही उचलते.

पहिल्या पावसाळ्यात प्रिंटरच बिघडला असं वाटलं, प्रिंटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे यायला लागले. निघालं काय, तर फिलामेंटनं, म्हणजे प्रिंटरला लावायच्या प्लास्टिकच्या तारेनं, हवेतला ओलावा पिला होता. ते पीएलए नावाचं प्लास्टिक, मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून बनतं. आप्पा म्हणाले, "म्हणजे तुझ्या मशीनलाही पाऊस बाधतो तर." आता ते रीळ पापडाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

हल्लीचं नवीन म्हणजे गिऱ्हाईक एआयचं चित्र घेऊन येतं. दिसायला एक नंबर, पण एका हाताला सहा बोटं, परशू मनगटातूनच उगवलेला, आणि आप्पांनी लगेच पकडलं ते कान. "हा आफ्रिकेचा हत्ती आहे!" खरंच, ते पंख्यासारखे भलेमोठे कान आफ्रिकन हत्तीचे, सोंडेच्या टोकाला दोन बोटं तीही त्यांचीच, आपल्या हत्तीला एकच. आपला बाप्पा शूर्पकर्ण, सुपासारखे कान. तरी मी ती चित्रं फेकत नाही, प्रभावळीच्या वेलबुट्टीच्या आयडिया भारी मिळतात.

सोंडेवरून आठवलं, जर्मनीच्या फेस्टो कंपनीनं हत्तीच्या सोंडेवरून एक रोबोटचा हात बनवलाय, त्याला २०१० मध्ये तिकडच्या राष्ट्राध्यक्षांचं तंत्रज्ञानाचं बक्षीस मिळालं, आणि त्याचे भाग थ्रीडी प्रिंटिंगनंच केलेले. सोंडेत हाड एकही नाही तरी ती ओंडका उचलते नि शेंगदाणाही. व्हिडिओ आप्पांना दाखवला तर तीनदा बघितला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मास्टरच्या सोंडेचा बाक त्यांनी सँडपेपरनं स्वतः बदलला. आता तो चांगला दिसतो, हे मान्य करावं लागतं.

डोळ्यांची आखणी मात्र हातानंच. प्रोजेक्टरनं रेघ पाडून बघितली, नजर कुठेच लागेना, पैसे वाया गेले.

जून २०२५ ला हायकोर्टानं पीओपीच्या मूर्ती बनवायला परवानगी दिली (नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही या अटीवर) तेव्हा आमच्या निम्म्या ऑर्डरी गेल्या, ते वर्ष कसंतरी काढलं. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या एका ताईंचा मेसेज आला, शाडूची मूर्ती पार्सलमध्ये फुटते, फाइलच द्या, इथे प्रिंट करते. प्लास्टिकचा गणपती विरघळणार नाही म्हणून मी मूर्तीची नाही, दोन भागांच्या साच्याची फाइल पाठवली, माती चिकटू नये म्हणून आतून शंखजिऱ्याची पूड लावा म्हटलं, माती तिकडची वापरा. आधी त्यांना त्यांच्या मातीची १० सेंटीमीटरची पट्टी करून वाळवायला लावली, किती आक्रसते ते कळल्यावर मगच माप दिलं.

आठवड्यानं फोटो आला, सोंड तडकलेली. मी फाइल उघडून जाडी तपासत बसले. आप्पांनी फोटो झूम केला, तडा बघितला नि फोन मला परत दिला. "विचार त्यांना, पंख्याखाली ठेवली होती का."

ठेवली होती.