कावी-कंबोई, फेरी चौथी: ढग होते, पाणी नव्हतं

सूर्यास्ताचे फोटो काढायला खंभातच्या आखाताकाठच्या कावी-कंबोईला, पावसाळा लागल्यापासून बडोद्याहून ही चौथी खेप. पादरा, जंबुसर करत साधारण पाऊणशे किलोमीटर. पहिल्या दोन खेपांना नुसता पाऊस, तिसरीला कोरं आभाळ. काल रविवारी दांडिया बाजारातून निघालो तेव्हा मात्र वर पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग होते आणि पश्चिमेला क्षितिजाशी मोकळी फट. मला हेच हवं होतं. सूर्य बुडाला की उजेड त्या फटीतून येतो आणि ढगांच्या पोटाला खालून लागतो.

पोचलो, तर समुद्रच नाही! नजर जाईल तिथवर गाळ. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो. इथल्या स्तंभेश्वराची पिंड दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, हे कौतुकाने सांगून मीच पाहुण्यांना इथे आणतो. आणि स्वतः काय बघून निघालो, तर ढगांचं अ‍ॅप. घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, निदान तिथी तरी बघायचीस."

गाळात उतरलो नाही. भरती फिरली की पळायला वेळ मिळत नाही. काठावरच्या ओल्या मातीतही ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू रुतत होता. दोन सेकंदांच्या पहिल्या सहा फ्रेम त्यातच हलल्या. मग पायांखाली चपट्या विटा सरकवल्या. एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी), दोन-दोन स्टॉपच्या फरकाने, म्हणजे दर वेळी चौपट उजेडाच्या फरकाने, तीन एक्स्पोजर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा समतोल, डेलाइटवर बांधून ठेवला, ऑटो सगळा केशरी रंग धुऊन टाकतो.

सूर्य गेला, तेव्हा काहीच घडलं नाही. शेजारचे दोघे बॅगा भरून निघाले. पंधराएक मिनिटांनी ढग पेटले आणि गाळात झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले पाण्याचे ओघळ एकेक करून तांबडे झाले. दोन फ्रेम ठेवण्यासारख्या आहेत, त्याही त्या ओघळांच्याच.

भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. म्हणजे काल सूर्यास्ताला ओहोटी होती, तर सात-आठ दिवसांनी त्याच वेळेला भरती. तेव्हा पुढचा रविवार. देवळात जाता येणार नाही, काठावरूनच. विटा आत्ताच डिकीत टाकल्यात.