मॅजिक माउंटनमधील पोलादी वळसा
आज लेकीबरोबर लॉस एंजेलिसजवळच्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन या उद्यानात गेलो आणि कित्येक वर्षांपासून मनात असलेल्या ‘रेव्होल्यूशन’मध्ये अखेर बसलो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षे पूर्ण झाली त्या 1976 साली सुरू झालेला हा रोलर कोस्टर, पूर्ण उभा वळसा घेणारा आधुनिक काळातील पहिला पोलादी रोलर कोस्टर मानला जातो.

रांगेत असताना माझी नजर त्या वळशावरच खिळली होती. लांबून तो वर्तुळ वाटतो, पण पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता होत जातो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो गोल वळसा बांधला गेला, त्यात शिरताक्षणी शरीरावर एकदम जोर येऊन माना दुखावत असत. जर्मन निर्माते आंतोन श्वार्त्सकोफ आणि अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी, जेथे वेग सर्वाधिक असतो त्या तळाशी वळण सौम्य ठेवले आणि गाडी मंदावते त्या माथ्यावर ते अधिक आवळले. किती साधा आणि किती सुंदर विचार!

खांद्यांवर कसलेही बंधन नव्हते, केवळ मांडीवर एक दांडा होता. तरीही माथ्यावर, आकाश पायांखाली असताना, मी आसनाला घट्ट टेकलेलो होतो. शेजारी लेकीची वेणी खाली लोंबण्याऐवजी तिच्या खांद्यावरच विसावली होती. तो क्षण डोळ्यांसमोरून हलत नाही. उतरल्यावर ती काहीही न बोलता माझा हात धरून पुन्हा रांगेकडे निघाली.