जूनमधली शांतियी: प्री द दियान बघायला जाणाऱ्यांसाठी

पॅरिसला घोड्यांची रेस बघायची म्हटलं की आपल्याकडचे रेसवाले ऑक्टोबरातल्या आर्क द त्रियोंफ या रेसचं नाव घेतात. मला विचाराल तर जूनमध्ये जा, पॅरिसजवळच्या शांतियीला जा आणि प्री द दियान ही घोडींची रेस बघा. आर्क पॅरिसच्या कडेला भरणारा मोठा सोहळा आहे. दियान धावते ते गावच घोड्यांचं.

आधी जायचं कसं ते सांगतो. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनहून शांतियी-गुव्यू स्टेशनचं तिकीट काढायचं. टीईआर ही प्रादेशिक गाडी साधारण २५ मिनिटांत पोचवते, आरईआर डी ही लोकल रखडत पाऊण तास घेते. पॅरिसचा नाविगो पास इथवर चालत नाही, त्यामुळे वेगळं तिकीट लागतं. परतीचंही सकाळीच काढून ठेवा, संध्याकाळी मशिनपुढे उभं राहवत नाही. स्टेशनबाहेर टॅक्सीच्या नादी लागू नका. टोप्या घातलेल्या बायकांच्या मागे चालत राहिलं की झाडीतून पंधरा-वीस मिनिटांत रेसकोर्स येतो.

तिथे पोचल्यावर नजर जाते ती तबेल्यावर. पलीकडे राजवाडा आहे, पण तबेल्यापुढे तो बिचारा आऊटहाऊस वाटतो. बूरबाँच्या ड्यूकने १७१९ मध्ये झाँ ओबेर या वास्तुविशारदाकडून हे ग्रांद एक्युरी बांधायला घेतलं. लांबी १८६ मीटर, सोय २४० घोड्यांची, शिवाय शिकारी कुत्र्यांचे कळप. पुढच्या जन्मी आपण घोडा होणार अशी ड्यूकसाहेबांची खात्री होती, असं गावात सांगतात. इमारत बघितल्यावर ते खरंच असावं असं वाटायला लागतं.

रेस आली ती शंभर वर्षांनी. शिकारीला जमलेल्या उमरावांनी तबेल्यासमोरच्या हिरवळीवर घोडे पळवून पाहिले, जमीन झकास निघाली आणि १८३४ मध्ये इथे रीतसर रेस सुरू झाल्या. १८३६ मध्ये प्री द्यू जॉकी क्लब, म्हणजे फ्रेंच डर्बी, आणि १८४३ मध्ये दियान. इंग्लंडच्या एप्सम ओक्सच्या धर्तीवर फक्त तीन वर्षांच्या फिलींसाठी, म्हणजे तरुण घोडींसाठी, अंतर २१०० मीटर. पहिली जिंकली ती नातिव्हा. दियान हे नाव शिकारीच्या देवीचं, जे या जंगलात शोभतंच. आपल्या महालक्ष्मीवरची इंडियन ओक्स याच कुळातली, फक्त ती २४०० मीटरची.

या इतिहासात मला सर्वांत बोलकं वाटतं ते १९७५ साल. त्या वर्षी दियान धावलीच नाही, कारण तबेल्यांतल्या कामगारांनी आंदोलन पुकारलं होतं. टोप्या, शँपेन, प्रायोजकांचे तंबू हे सगळं ज्यांच्या पहाटेच्या मेहनतीवर चालतं, त्यांनी ते एकदा बंद पाडून दाखवलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून ट्रेनर, जॉकी आणि पोरं इथे येऊन स्थायिक झाली, म्हणून फ्रेंच लोक आजही घोडा सांभाळणाऱ्याला इंग्रजी ‘लॅड’वरून ‘लाद’च म्हणतात आणि गावात अँग्लिकन चर्च आहे. शक्य असेल तर आदल्या रात्री इथेच मुक्काम करा आणि सकाळी जंगलाकडे फिरायला जा. घोड्यांच्या रांगा रस्ता ओलांडताना दिसतात, मोटारी मुकाट थांबलेल्या असतात. वाळूचे ट्रॅक मात्र सकाळी घोड्यांचेच, त्यावर पाऊल ठेवू नका.

पुण्या-मुंबईकरांसाठी आणखी एक धागा. नगर रोडवरचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्या तिसऱ्या आगाखानांच्या नातवाचं, म्हणजे चौथ्या आगाखानांचं एग्लमाँ हे ठाणं इथेच, शेजारच्या गुव्यूमध्ये होतं. त्यांची झारकावा २००८ मध्ये दियान जिंकली, त्याच वर्षी आर्कही जिंकली आणि एकही रेस न हरता निवृत्त झाली. हिरवा शर्ट, लाल खांदे, वर जॉकी क्रिस्तोफ सुमियों. हे रंग पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या रिंगणात, दिसले की जुने फ्रेंच पंटर अजूनही कोपराने एकमेकांना खुणावतात.

पैसे लावायचे असतील तर बुकी शोधत हिंडू नका, इथे बुकी नसतातच. १८९१ पासून फ्रान्समध्ये सगळा कारभार टोटचा, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायचे. खिडकीवर ‘सँप्ल गान्याँ’ म्हणजे विन, घोडी पहिली यायला हवी; ‘सँप्ल प्लासे’ म्हणजे प्लेस, पहिल्या काहींत आली तरी चालते. रेसबुकात घोडीच्या नंबराशिवाय ‘कोर्द’ असा वेगळा आकडा असतो, तो सुटण्याच्या जागेचा. तो आवर्जून बघा. २१०० मीटरच्या या रेसमध्ये वळण लवकर येतं, बाहेरच्या खणातून सुटलेली घोडी लांबून फिरते आणि तिथेच तिचं गणित बिघडतं. सगळ्या घोडींवर वजन सारखंच, ५७ किलो, त्यामुळे जागेला आणखी भाव.

पॅडॉकच्या कठड्याला मात्र अर्धा तास आधी जाऊन चिकटा. फेव्हरिट घोडी माझ्यासमोरून तीनदा गेली. तिसऱ्या फेरीला लगामाखाली मानेवर पांढरा फेस जमला होता, आणि सोबतचा लाद सारखा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. शेजारच्या आजोबांनी मान हलवली आणि खिशातलं तिकीट घडी करून आत ढकललं. ती आली चौथी.

बसायच्या महागड्या जागेवर पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. अर्धं गाव हिरवळीवर सतरंज्या पसरून बसतं, तुम्हीही बसा. शाकाहारी असाल तर पाव, चीज, फळं पॅरिसहून घेऊन या, तिथे सलामी-हॅमच्या पलीकडे फारसं काही मिळत नाही. क्रीम शांतियी, म्हणजे फेटलेलं गोड क्रीम, मात्र खा, गावाचंच नाव आहे. बायकांनी टाचांचे बूट घालू नयेत, हिरवळीत रुततात. टोपी घालाच, कारण ऊन आणि फॅशन दोन्ही तिथे जोरात असतात.

दियान ही दिवसातली शेवटची रेस नसते. ती संपताच निम्मी गर्दी स्टेशनकडे धावते आणि गाडीत मुंगीला शिरायला जागा उरत नाही. उरलेल्या रेस बघून निघालात तर बसायला जागा मिळते, आणि पॅडॉकचा कठडाही तोवर मोकळा झालेला असतो.